भिंतीचा ताप बघणारे सर

परवा उदगीरहून कॉलेजातल्या दोन मुली आल्या होत्या. आमच्या घराचे फोटो काढले, भिंतीची जाडी टेपानं मोजली, छपराखाली वाकून वाकून बघितलं आणि मग एकीनं वही उघडून विचारलं, "आजी, या घराचा इंजिनियर कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक येडा माणूस होता."

तिनं ते तसंच लिहून घेतलं. मी बघितलं ना डोळ्यानं. इंजिनियर, पुढं दोन टिंबं, एक येडा माणूस. मुली निघून गेल्या आणि मला काही चैन पडेना. उद्या हे कुठं छापून आलं तर त्या माणसाला काय वाटंल? आता वाटून घ्यायला ते आहेत कुठं म्हणा, जाऊन दीड वर्ष झालं. तरी पण बोलले ते बरोबर नाही बोलले. येडे होते, खोटं कशाला सांगू, पण नुसते येडे नव्हते. म्हणून बसले लिहायला. नाव काही लिहीत नाही, त्यांना स्वतःलाच ते कुठं लावायला आवडत नसे. घराला पाटी करायची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले होते, "घर ज्याच्यासाठी थंड केलं त्याचं नाव लावा." मी त्यांना सर म्हणायची, तर इथंही सरच म्हणते.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते आमच्या गोठ्यामागं. चैत्राची दुपार, अडीच वाजले असतील. बाहेर कुत्रं फिरत नव्हतं. मी म्हशीला पाणी दाखवायला गेले, तर एक म्हातारा माणूस, पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्याला ओला पंचा, आमच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला गाल लावून उभा. डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली बिचाऱ्याला.

"अहो, काय झालं? बसा खाली, पाणी आणते."

त्यांनी एक डोळा उघडला. "पाणी आणा. पण जरा थांबा, हिचा ताप बघून राहिलो."

"कुणाचा?"

"भिंतीचा."

मी दोन पावलं मागं सरकले. एकटी बाई, भर दुपार, काय करणार? तेवढ्यात ते तिथून हलले आणि सरळ आमच्या घराकडं गेले. आमचं घर म्हणजे तेव्हा चारी बाजूनं पत्रा, वरही पत्रा. त्यांनी तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला.

"इथं कोण राहतं?"

"आम्ही राहतो."

"म्हणजे म्हशीला मातीची भिंत, गवताचं छप्पर. आणि तुम्ही तव्यावर?"

मला राग आला. पण त्यांचं ते 'बघून राहिलो' माझ्या कानात बसलं होतं. आमच्या या जळकोटकडं लोक 'बघायलो' म्हणतात. 'बघून राहिलो' म्हणणारे माझ्या माहेरकडचे. विचारलं, "तुम्ही हदगावकडचे का?"

"हदगावचाच."

झालं. माहेरचा माणूस म्हटल्यावर राग कुठला टिकतो? मी भाकरी वाढली. त्या दिवसापासून मी त्यांची ताई आणि आमचे मालक त्यांचे दाजी. सर दाजींपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, पण नातं ते नातं.

हे सर म्हणजे नकाशे काढणारे. तरुणपणी परदेशात वाळवंटात गेले, वीस-बावीस वर्षं तिथं इमारतींचे नकाशे काढत राहिले. परत येऊन नांदेडला पोरांना ड्रॉइंग शिकवलं, मग रिटायर झाले. बायको वारली. लेकीचं लग्न झालेलं, ती नांदेडातच. मग ह्यांनी काय करावं? स्कूटर काढली, मागं पोतं बांधलं आणि गावोगाव माती गोळा करत फिरायला लागले. कुठल्या गावच्या मातीचं घर चांगलं होईल, हे त्यांना बघायचं होतं. तसे फिरत फिरत ते आमच्या गोठ्यापाशी आले होते. आमचा आखाडा, म्हणजे शेतावरची खोली, रिकामी होती. ती त्यांनी भाड्यानं घेतली आणि चार वर्षं राहिले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तीन थर्मामीटर असायचे. एक भिंतीचा, एक हवेचा. मी म्हटलं, "आणि तिसरा?" तर म्हणाले, "तिसरा ह्या दोघांवर नजर ठेवायला." कुणाच्या घरी गेले की आधी राम राम नाही, आधी भिंतीला गाल. हाताला कष्टाची सवय असते, हात खोटं बोलतो, गाल खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शेजारच्या शेवंताबाईच्या पोरीचं लग्न जळकोटला कार्यालयात होतं. वैशाखातलं लग्न, वर पत्रा. मंगलाष्टकं चालू, लोकांच्या हातात अक्षता, आणि आमचे सर खुर्चीवर उभे राहून छताला थर्मामीटर लावून राहिलेले. भटजी मध्येच थांबले. सरांनी वरूनच नवरीच्या बापाला सांगितलं, "बेचाळीसच्या वर गेलंय. छताला चुना मारायला सांगा." नवरीचा बाप म्हणाला, "आधी पोरगी तर उजवू द्या, मास्तर!"

माती ते चाखूनही बघायचे. चिमूटभर जिभेवर ठेवायची, दाताखाली करकर वाजते का बघायचं, थुंकायचं. मग थोडी भिजवून शेवई वळायची. शेवई लांब झाली की माती चिकण, लगेच तुटली की रेताड. शेवंताबाई मला म्हणाली, "ताई, तुमचा भाडेकरू डोहाळे लागल्यावानी माती खायलाय. कितवा महिना हाय म्हणावं?" मी हे सरांना सांगितलं. ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "त्यांच्या परसातली आणायची राहिली बघा."

काचेच्या इमारतींवर त्यांचा फार राग. लातूरला, नांदेडला नव्या दुकानांना समोरून सगळी काच लावतात ना, तिथून जाताना स्कूटर थांबवून बोलायचे, "काचेत घालून उन्हात ठेवतात ते लोणचं. माणसं ठेवतात का?" दुकानदार बाहेर येऊन बघायचा कोण ओरडतंय.

पण चुकायचेही. आखाड्यावर त्यांनी एक धुराडं बांधलं होतं, उलटं. चुलीचा धूर वर जातो, ह्यात वरची हवा खाली यायची. वाळवंटातल्या घरांना अशी असतात म्हणे. आणि खरंच, भाद्रपदाच्या उकाड्यात आखाड्यात जाऊन बसलं की अंगावर झुळूक यायची. मी भाजी निवडायला तिकडंच जायची. मग आली सोयाबीनची रास. शेजारच्या रानात मळणी यंत्र लागलं, वारा नेमका तिकडून. तासाभरात सगळा भुसा धुराड्यातून आत. सर बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, हळद लागलेल्या नवरदेवासारखे. शिंका थांबल्यावर म्हणाले, "वाळवंटात सोयाबीन होत नाही, ताई. हे माझ्या ध्यानातच आलं नाही." लगेच वही काढून लिहून ठेवलं, रास कोणत्या महिन्यात, वारा कुठून.

आता आमच्या मालकाचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय सरांचं पुढचं कळायचं नाही.

आमचं मूळ गाव इथलं नव्हे, खाली भूकंपाच्या पट्ट्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाच्या आधी वर नवी माती टाकायची. एका वर्षाची ओंजळभर, पण शंभर वर्षांची किती झाली? भूकंप झाला त्या पहाटे मी हदगावला बाळंतपणाला होते. मालक मळ्यात पाण्याच्या पाळीला. घरात सासू, सासरे, मालक त्यांना दादा म्हणायचे, आणि धाकटा दीर. तिघंही गेले. मालकांनी हातांनी उकरून काढलं त्यांना.

त्यानंतर मालक ज्या घराचं छत जड त्या घरात झोपले नाहीत. गाव सोडून आम्ही इकडं त्यांच्या मामाकडं आलो, मामानं जागा दिली, आणि मालकांनी स्वतः पत्र्याचं घर उभं केलं. पत्रा पडला तर खोक पडंल, जीव जाणार नाही, हा त्यांचा हिशेब. दाराला तार बांधून ते कायम उघडं. थंडीतही उघडं. सिमेंटचा स्लॅब टाकू म्हणून मुलानं पुण्याहून किती वेळा सांगितलं. मालक म्हणायचे, "टाक. तुम्ही झोपा खाली. मी बाहेर हाय."

हे तीस वर्षं चाललं. मग सर आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मालक दुपारी पत्र्याखाली आडवे झाले आणि उठेनातच. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही, बोलणं बरळल्यासारखं. सरांनीच स्कूटरवर मध्ये बसवलं, मागं मी, जळकोटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "उन्हाची झळ बसली होती, बाई. या वेळी वाचले. पुढच्या उन्हाळ्यात यांना पत्र्याखाली ठेवू नका, वय आता ऐकणार नाही."

मी सांगितलं मालकांना. ते म्हणाले, "लिंबाखाली झोपतो."

"आणि वादळवारं, पाऊस आला की?"

"तवा पत्र्याखाली."

मी रडले, तर म्हणाले, "उगं रडू नको. जड छपराखाली मरण्यापरीस ऊन बरं हाय."

सर हे ऐकत ओट्यावर बसले होते.  दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा चुलीपाशी येऊन बसले आणि आपणहून सांगायला लागले. वाळवंटात त्यांना एकदा मजुरांच्या वसाहतीचा नकाशा काढायला सांगितला होता. पत्र्याच्या खोल्या, एकाला एक लागून, रांगेत. त्यांनी फार छान काढला, साहेबानं पाठ थोपटली. पुढं उन्हाळ्यात त्या खोल्यांत दोन माणसं दुपारची झोपली ती उठली नाहीत. एक आपल्या तेलंगणाकडचा होता. ह्यांच्याशी तेलुगूत बोलायचा, ह्यांना येत नसे, तरी बोलायचा.

"साहेब म्हणाला, पंखा बंद पडला होता," सर म्हणाले. "पंख्याचं खरंच असेल. पण रेघ माझी होती, ताई. कागदावर लई चांगली दिसत होती."

भाकरी करपली माझी. त्यांनी तीच मागून घेतली आणि खाल्ली.

त्या दिवसापासून सरांनी ध्यास घेतला, की पुढच्या मेच्या आत दाजींना आत झोपवायचं. पण त्यात एक मोठी मेख होती. सरांची सगळी विद्या जाडीची. ऊन आत यायला उशीर व्हावा म्हणून भिंत जाड पाहिजे, छत त्याहून जाड पाहिजे. "बाराचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत बाहेर दिवेलागण झाली पाहिजे," असं ते नेहमी म्हणायचे. आणि मालकांची सगळी भीती जाडीचीच. एकाला थंडाव्यासाठी जे पाहिजे, तेच दुसऱ्याच्या छातीवर बसलेलं.

सरांनी आधी नेहमीप्रमाणं स्वतःचंच खरं केलं. आखाड्यामागं नमुन्याची एक खोली बांधली, हातभर जाड भिंती, अगदी वाळवंटात असते तशी. दिसायला सुरेख झाली. मालक रोज लांबून बघायचे. मग पाऊस लागला. आठ दिवस झड. उघडीप झाल्यावर बघतो तर भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग, आत हात जाईल एवढी.

मालक भेगेसमोर उभे राहिले. तोंडाचा रंग उडालेला. पण बोलले ते वेगळंच. "मास्तर, काळ्या रानावर पाया घातलाव?"

"हो."

"खाली मुरूम न घालता?"

सरांनी डोक्याला हात लावला. "वाळू फुगत नाही हो, दाजी. वीस वर्षं वाळूवर बांधलं. काळी माती पाणी पिऊन फुगते, हे मी हदगावचा असून विसरलो!"

"आमच्या बैलाला बी ठाव हाय," मालक म्हणाले आणि निघून गेले. नंतर पंधरा दिवस आखाड्याकडं फिरकले नाहीत. मला म्हणाले, "बघितलंस? भिंत म्हणजे भिंतच असती. कुणीबी बांधू दे."

मला वाटलं, संपलं. सरांनाही वाटलं असावं. ते दोन दिवस जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात कागद घेऊन, आणि कागदावर काय? ट्रॅक्टरची ट्रॉली आणि ट्रॉलीत एक खोली.

आमच्याकडं ट्रॅक्टर होता, मालक भाड्यानं नांगरायला जायचे. सरांनी खरोखर आमच्या ट्रॉलीत खोली बांधली. महिना घातला तिच्यात. कच्च्या विटांच्या भिंती, पण छातीएवढ्याच उंच, आणि दर चार थरांवर बांबूच्या कांबी आडव्या घालून चारी कोपरे बांधून टाकलेले. भिंतीच्या वर नुसता तट्ट्या, बांबूच्या पट्ट्या विणून केलेला. छप्पर भिंतीवर ठेवलंच नाही, ते चार कोपऱ्यांतल्या वेगळ्या खांबांवर. भिंत गेली तरी छप्पर उभं राहावं म्हणून. वर बांबू आणि थोडा मातीचा लेप. मग एके दिवशी सकाळी खोलीत खुर्ची ठेवली, स्वतः जाऊन बसले, आणि मला म्हणाले, "ताई, चहा द्या बशीसकट. दाजी, ट्रॅक्टर काढा."

"कुठं न्यायचंय?"

"नांगरलेल्या रानातून. ढेकळांतून. मग नाल्याच्या दगडावरून."

मालक बघतच राहिले. "मास्तर, डोकं फिरलंय का? वरून पडलं म्हणजे?"

"म्हणून तर मी बसलोय आत. दुसऱ्याला बसवलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं."

"माझ्या हातून व्हायचं न्हाई. दुसरा ड्रायव्हर बघा."

सर खुर्चीवरून तसेच म्हणाले, "दुसऱ्याला काय माहीत, जमीन कशी हालती? तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला आठवती तेवढी हालवा."

गावातले वीस-पंचवीस लोक जमले होते. शेवंताबाई म्हणाली, "मास्तर, लेकीला काही निरोप द्यायचा हाय का?" लोक हसले. मालक हसले नाहीत. बराच वेळ चाकाला हात लावून उभे राहिले आणि मग वर चढले.

आधी हळू नेला. आतून सरांचा आवाज आला, "दाजी, हा तर पाळणा झाला!" मग मालकांनी जोर लावला. ढेकळांवरून ट्रॉली अशी उडायला लागली की बघवेना. विटा कुरकुरत होत्या, छप्पर इकडून तिकडं डोलत होतं. मी डोळ्याला पदर लावला. बांध ओलांडताना मोठा दणका बसला आणि धडाड करून एक कोपरा गेला. चार-सहा विटा खाली आल्या.

मालकांनी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. उडी मारली, धावत मागं गेले, तट्ट्या फाडून आत शिरले आणि सरांना काखेत धरून बाहेर ओढलं. सरांच्या पांढऱ्या शर्टावर सगळा चहा. आणि हे म्हातारबा आनंदानं ओरडतायत, "बाहेर पडल्या! विटा बाहेर पडल्या, दाजी! आत एक नाही! छप्पर बघा, खाली आलं नाही!"

मालकांनी बघितलं. विटा खरंच बाहेरच्या अंगाला पडलेल्या. छप्पर वाकडं झालेलं, पण खांबांवर उभं. मालक तिथंच ढेकळांत खाली बसले.  मी जवळ पोचले तेव्हा ते सरांना सांगत होते, आणि मला तीस वर्षांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"त्या साली दादांचा गुडघा धरला हुता. माळवदावर माती मी चढवली. दादा म्हणलं, चार पाट्या पुरंत. मी दहा टाकल्या. गळाया नको म्हणून."

 शेवंताबाईनं लोकांना हातानंच मागं केलं. ट्रॅक्टर तसाच धडधडत होता, शेवटी मीच जाऊन बंद केला. सर मालकांच्या शेजारी ढेकळांत बसले. थर्मामीटर फुटून खिशात काचा झाल्या होत्या, त्या एक एक करून वेचत होते. मग म्हणाले, "दाजी, नव्या घरावर काय चढवायचं ते तुम्ही सांगायचं. मी नुसतं काढून देतो."

आणि तसंच झालं. पायासाठी मालकांनी काळी माती पार खोल काढली आणि नाल्याकडचा मुरूम भरून स्वतः धुमसानं ठोकून घट्ट केला. भिंती सरांच्या, जाड, कांबी घातलेल्या, पण छातीएवढ्या. छपराच्या वेळी मात्र रोज भांडण. सोयाबीनच्या पोत्यांचा वजनकाटा मालकांनी अंगणात आणून ठेवला होता. वर जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर.

"दाजी, दोन बोटं मातीचा लेप तरी घालू द्या वरून. त्याशिवाय उन्हाला अडवणार कोण?"

"माती न्हाई."

"एक बोट?"

"मास्तर, माती न्हाई म्हणलं की न्हाई."

सर पाय आपटत आखाड्यावर जायचे, "मग राहा भट्टीत!" म्हणायचे, आणि सकाळी नवा कागद घेऊन यायचे. शेवटी मातीच्या जागी गवत आलं. खाली बांबूचा तट्ट्या, त्यावर गवताचा हातभर जाड थर, मग हातभर मोकळी जागा, वारा जायला, आणि सगळ्यात वर आमचाच जुना पत्रा, चुना मारून पांढरा केलेला. पत्रा ऊन झेलणार, मधला वारा ते वाहून नेणार, गवत उरलेलं अडवणार. "घराला टोपी," सर म्हणाले. जन्मभर जाड छताचा धडा शिकवलेला माणूस, पण गवताची पेंढी काट्यावर ठेवताना मालकांच्या तोंडाकडं बघायचा, पास होते की नाही.

दाराची चौकट बसली तेव्हा मालक म्हणाले, "फळी नको. दार उघडंच ऱ्हाऊ दे." सरांनी फळी बसवली. म्हणाले, "बसवून ठेवतो. लावा असं कुणी म्हणत नाही."

घर चैत्रात झालं. मी सामान नेलं, चूल मागच्या अंगणात मांडली. मालक काही आत येईनात. दिवसा येऊन भिंतीला हात लावून जायचे, झोपायला लिंबाखाली. मे लागला. दुपारी लिंबाखाली झळ यायला लागली, तेव्हा एकदा त्यांनी बाज दारात आणून टाकली, पाय आत, डोकं बाहेर. सर बघून न बघितल्यासारखं करायचे आणि मला डोळ्यानं दटावायचे, बोलू नका म्हणून. आठवडाभर बाज तिथंच. मग वीतभर आत गेली. मग आणखी. डोकं उंबऱ्यावर आलं आणि पुन्हा चार दिवस तिथंच अडकलं.

एका दुपारी मी तीनच्या सुमाराला चहा घेऊन गेले, तर बाज दारात नव्हती. पूर्ण आत गेली होती. दार सताड उघडं, आत अंधारल्यासारखं गार, मालक कुशीवर झोपलेले. आणि सर बाहेर उंबऱ्याला टेकून बसलेले, कपाळावरून घाम गळतोय.

मी हळूच म्हटलं, "सर, आत बसा की. इथं कशाला?"

ते माझ्या कानाशी कुजबुजले, "कबूल केलंय दाजींना. काही हललं तर आधी मी ओरडणार. तोवर इथंच बसून राहतो."

"कधीपासून बसलाव?"

"बारापासून."

मी चहा पुढं केला. कपबशी वाजली असेल, आत बाज करकरली. मालक जागे झाले.  मला वाटलं, आता घाबरून बाहेर येतील.  आतून जांभईचा आवाज आला, मग झोपेतलाच जड आवाज.

"कोण हाय दारात? झळ यायली की आत."

सर म्हणाले, "मी आहे, दाजी. उठू नका."

मालक उठलेच. पावलं दारापर्यंत आली. आमच्याकडं बघितलं, चहाकडंही बघितलं, घेतला नाही. फळीला हात घातला, लोटून घेतली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं हदगावचे बहीण-भाऊ मेच्या उन्हात बाहेरच राहिलो.